जुनी चेतक घरी रंगवताना: कोणता प्रायमर, कोणता रंग, कोणता क्लिअर

स्कूटर रंगवायचं ठरलं की माणूस आधी शेडकार्ड उघडतो. खरं तर छटा ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट. त्याआधी तीन प्रश्न सोडवावे लागतात: रंगाखाली काय आहे, फवारणी कुठे करणार, आणि रंगवल्यावर गाडी कुठे उभी राहणार. यांची उत्तरं मिळाली की दुकानातले निम्मे डबे आपोआप बाद होतात. उरलेल्यांतून निवडताना एकच पथ्य पाळायचं. खालपासून वरपर्यंत एकमेकांशी पटणारा माल घ्यायचा, शक्यतो एकाच कंपनीचा. घरी केलेली कामं बिघडतात ती हात बसलेला नसतो म्हणून कमी आणि खालचा थर वरच्याला सोसत नाही म्हणून जास्त.

इथे उदाहरणाला जुनी बजाज चेतक घेतली आहे, १९७२ मध्ये आलेली पेट्रोलवाली, आजची इलेक्ट्रिक नव्हे. कारण साधं आहे. तिची बॉडी दाबलेल्या पोलादी पत्र्याची, हँडलचं डोकं ॲल्युमिनियमच्या ओतकामाचं आणि काही किरकोळ भाग प्लास्टिकचे, त्यामुळे प्रायमरच्या निवडीतले तिन्ही पेच एकाच गाडीत भेटतात. बुलेटची टाकी असो वा मारुती ८०० चं बॉनेट, हिशेब हाच.

रंग बदलणार असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो, त्यामुळे तो बदलायचा तर आरटीओकडे रीतसर नोंद करावी लागते. मूळचाच रंग पुन्हा दिला तर ही भानगड नाही.

जुना रंग कोणत्या जातीचा?

सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशी तळहाताएवढी जागा निवडा. पांढऱ्या सुती फडक्याची घडी करून ती एनसी थिनरमध्ये भिजवा, थेंब गळणार नाहीत इतपत पिळा आणि त्या जागी अर्धा ते एक मिनिट दाबून धरा. मग फडकं उचलून एकदा जोरात पुसा आणि तिघांपैकी काय होतं ते बघा. फडक्याला रंग लागला आणि पृष्ठभाग चिकट झाला, तर वरचा रंग एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज आहे. जुन्या गॅरेजांतून रिपेंट झालेल्या बहुतेक गाड्यांवर तोच सापडतो. रंग सुरकुतून उचलला गेला, तर ते हवेत वाळलेलं सिंथेटिक इनॅमल, बहुधा कुणीतरी फाटकासाठी आणलेल्या डब्यातून मारलेलं. काहीच झालं नाही, फार तर चकाकी थोडी उतरली, तर कंपनीतून भट्टीत भाजून आलेला रंग किंवा आधीचं टूके काम, म्हणजे हार्डनर मिसळून मारलेला रंग.

पहिल्या दोन प्रकारांत जुना रंग पूर्ण काढायचा. यावर घासाघीस नको. एनसी किंवा कच्च्या इनॅमलवर टूके मालाचं थिनर पडलं की खालचा थर फुगतो आणि कडांपाशी सुरकुत्या उठतात. कधी लगेच, कधी क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारून झाल्यावर. तिसऱ्या प्रकारात रंग घट्ट असेल तर तो काढायची गरज नाही. ३२० नंबरच्या पेपरने मंद होईपर्यंत घासला की तोच उत्तम पाया. गंजलेला आणि पोपडे सुटलेला भाग तेवढा पत्र्यापर्यंत न्यायचा.

गाडीवर क्लिअर आहे की नाही तेही बघून ठेवा. १००० च्या पेपरने पाणी लावून घासल्यावर दुधाळ पांढरं पाणी निघालं तर वर क्लिअर आहे. गाडीच्याच रंगाचं पाणी निघालं तर नाही.

रंग काढायला पेंट रिमूव्हर वापरलात तर सांधे आणि घड्या पाण्याने, मग थिनरने धुऊन निर्मळ करा. सांध्यात राहिलेलं रिमूव्हर नव्या प्रायमरलाही सोडत नाही. सँडब्लास्टिंगचा मोह होतो, पण चेतकची साइड पॅनलं म्हणजे मोठे, पातळ, गोलसर पत्रे. जास्त दाबाने एका जागी मारा झाला की ते वाकडे होतात आणि मग डेंटरकडे जावं लागतं. ब्लास्टिंग फ्लोअरबोर्डच्या खालची बाजू, रिम आणि मडगार्डच्या आतल्या भागापुरतं ठेवावं. फ्लोअरवरच्या पट्ट्या आणि रबर मात्र काढायलाच हव्यात. खरा गंज त्यांच्याखाली आणि लेगशील्ड फ्लोअरला मिळतं त्या कोपऱ्यात बसलेला असतो.

फवारणी कुठे करणार यावर रंगाची जात ठरते

टूके म्हणजे दोन भागांचा माल: एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, पीयू सर्फेसर (सपाटी देणारा प्रायमर) आणि क्लिअर यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवारणीत त्याचे सूक्ष्म थेंब श्वासावाटे गेले तर दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, ही वाफ नाही. कार्बन काडतुसांचा, पुढे धुळीचं फिल्टर लावलेला हाफ मास्क ही उघड्या हवेतली किमान तयारी. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हा खरा उपाय. आयसोसायनेटचा वास धोक्याच्या पातळीला पोचण्याआधी येईलच असं नाही, म्हणून ‘वास येत नाही म्हणजे काडतूस चांगलं आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. नायट्राइल हातमोजे, बंद गॉगल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गॅलरीत किंवा बंद खोलीत टूके फवारणी नको. शेजाऱ्यांच्या खिडक्या आहेत, लहान मुलं आहेत, शिवाय थिनरची वाफ ठिणगीने पेट घेते. कॉम्प्रेसरची मोटर, स्विच, देवघरातला दिवा, गॅसचा पायलट, हे सगळं फवारणीपासून लांब हवं. घरात कुणाला दमा असेल तर विषय तिथेच संपला.

आमच्या मते बहुतेकांसाठी सगळ्यात शहाणा मार्ग मधला आहे. गाडी उघडणं, रंग काढणं, गंज काढणं, पुट्टी आणि घासकाम घरी करा. खर्चातला आणि दर्जातला मोठा वाटा त्यातच असतो. मग तयार पॅनलं फवारणीचा बूथ असलेल्या गॅरेजमध्ये नेऊन रंग आणि क्लिअर तिथे मारून घ्या. पेंटरलाही हे आवडतं. त्याचा घासण्याचा वेळ वाचतो, आणि खाली काय लावलंय ते तुम्ही त्याला डबा दाखवून सांगू शकता. गावाकडे मोकळं अंगण किंवा पत्र्याची शेड असेल तर पूर्ण काम घरी होऊ शकतं.

प्रायमर

इथे घाई आणि काटकसर दोन्ही महाग पडतात. प्रायमरची कामं दोन: पत्र्याला धरणं आणि वरच्या रंगासाठी सपाटी देणं. ही दोन कामं सहसा दोन वेगवेगळे डबे करतात, हे ध्यानात घेतलं की दुकानातला निम्मा गोंधळ संपतो.

धरून ठेवण्याचं काम इपॉक्सी प्रायमर करतो. उघड्या पोलादी पत्र्यावर तोच घ्या, दुसरा विचार नको. तो ओलावा अडवतो, गंज रोखतो, आणि त्यावर पुट्टीही बसते, सर्फेसरही बसतो. हाही दोन भागांचाच, पण बहुतेक इपॉक्सींचा हार्डनर अमाइन जातीचा असतो, आयसोसायनेट नव्हे. तरी त्वचेला तो त्रास देतो, त्यामुळे हातमोजे आणि मास्क आहेतच. मिसळल्यावर अनेक इपॉक्सींना १५ ते ३० मिनिटं तसंच ठेवायला सांगितलेलं असतं. ही पायरी गाळली की थर असमान वाळतो. मध्यम ओले दोन हात पुरतात, वाळल्यावर एकूण साधारण ४० ते ५० मायक्रॉन.

इपॉक्सीच्या दोन खोडी आहेत. उन्हात तो पांढुरका होऊन भुरभुरतो, म्हणून नुसत्या प्रायमरवर गाडी महिनाभर अंगणात ठेवू नये. दुसरं म्हणजे थंडीत त्याचं वाळणं अडतं. पारा १५ अंशांच्या खाली गेला की गती मंदावते आणि १० च्या आसपास जवळजवळ थांबते. नाशिक-महाबळेश्वरकडच्या डिसेंबरच्या रात्री हे होणारच, तेव्हा सकाळी ऊन वर आल्यावर मारा, म्हणजे दिवसभराची ऊब मिळेल. पुढचा थर किती वेळात द्यायचा ते डब्यावर असतं. ती मुदत उलटली तर ३२० किंवा ४०० ने घासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एच (etch) प्रायमर, म्हणजे फॉस्फोरिक आम्ल असलेला वॉश प्रायमर, ॲल्युमिनियमवर कामाचा. चेतकच्या हँडलच्या डोक्यावर तो पातळ, जवळजवळ पारदर्शक एक हात द्यावा, ८ ते १० मायक्रॉनच्या वर नाही. मात्र तो पाणी अडवत नाही, म्हणून त्यावर त्याच दिवशी सर्फेसर गेला पाहिजे. एचवर पॉलिएस्टर पुट्टी भरू नये. त्यावर इपॉक्सीही सहसा मारू नये, कारण आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरला मारक ठरतं. दोन डब्यांचा व्याप नको असेल तर ॲल्युमिनियम १८० ने चांगलं घासून, पुसून, लगेच इपॉक्सी मारला तरी चालतं. ‘लगेच’ हा शब्द गंभीरपणे घ्यायचा. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर पुन्हा धरायला वेळ लागत नाही.

हीच आम्लाची अडचण गंज घालवणाऱ्या द्रवांची. ते फॉस्फोरिक आम्लाचेच असतात. वापरलेत तर भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, पुन्हा एकदा घासूनच इपॉक्सीकडे वळा. शक्य तिथे तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर हाच गंजावरचा भरवशाचा इलाज. उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत खारी हवा काही तासांत त्यावर तांबूस झाक आणते आणि ती झाक प्रायमरखाली गेली की पुढच्या पावसाळ्यात फोड बनून वर येते. एका दिवसात जेवढी पॅनलं प्रायमरपर्यंत नेता येतील तेवढीच उघडी करा.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लाल रेड ऑक्साइड प्रायमर खिडकीच्या गजांसाठी आहे. तो अल्किड जातीचा, मऊ असतो. टूके रंगाचं किंवा एनसीचं थिनर लागलं की उचलला जातो. झिंक क्रोमेट असलेला असेल तर त्याची घासताना उडणारी धूळही घातक. गाडीवर तो आधीपासून असेल तर पाणी लावून घासा, कोरडा नाही.

सपाटीचं काम सर्फेसरचं. इथे टूके पीयू सर्फेसर घ्या, एनसी सर्फेसर टाळा. एनसी सर्फेसर अर्ध्या तासात वाळतो, घासायला मऊ असतो, स्वस्तही असतो, म्हणून तो मोह पाडतो. पण तो पुढे कितीतरी दिवस आकसत राहतो. रंग-क्लिअर मारून गाडी झळझळीत दिसते आणि काही आठवड्यांनी पेपरचे ओरखडे, पुट्टीच्या कडा नकाशातल्या सीमारेषांसारख्या वर येतात. पॉलिशने त्या जात नाहीत. टूके सर्फेसरचे दोन-तीन भरीव हात द्या आणि प्रत्येकामध्ये १० ते १५ मिनिटं जाऊ द्या. डब्यावर तीन-चार तासांत घासता येतं असं लिहिलेलं असलं तरी घरच्या कामात रात्रभर थांबावं.

सर्फेसरची छटा वरच्या रंगानुसार घ्यायची. लाल आणि पिवळे रंग मुळात कमी झाकतात, त्यांच्याखाली पांढरा किंवा फिकट राखाडी. काळ्या आणि गडद निळ्याखाली गडद राखाडी. एवढ्याने रंगाचा एखादा हात वाचतो.

पुट्टी या दोघांच्या मध्ये, म्हणजे घासलेल्या इपॉक्सीवर. १०० ग्रॅम पुट्टीला साधारण २ ग्रॅम हार्डनर. लवकर वाळावी म्हणून जास्त घातलं तर उरलेलं पेरॉक्साइड वर झिरपतं आणि फिकट रंगावर पिवळसर डाग उमटतात. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची. ८० ने आकार, १८० ने सपाटी, ३२० ने कडा.

प्लास्टिकच्या भागांमागे सहसा ABS किंवा PP अशी खूण असते. एबीएसला ६०० ने घासून प्लास्टिक प्रायमर पुरतो. फक्त तेज एनसी थिनरने पुसू नका, त्याने एबीएसला बारीक तडे जातात. पीपीवर मात्र रंगाला पकड देणारा ॲडहिजन प्रमोटर लागतोच. त्याचा पातळ हात दिल्यावर डब्यावरच्या वेळेत पुढचा थर द्यावा लागतो. पीपीवर हे न करता मारलेला रंग पहिल्याच धक्क्यात सालीसारखा सोलून निघतो.

रंग

सिंथेटिक इनॅमल गाडीसाठी विचारातही घेऊ नका. वाळायला दिवस घेतो, तोवर धूळ गोळा करतो आणि महिनाभर नखाने दबतो.

एनसीला अजून एक जागा आहे. आयसोसायनेट नाही, १५-२० मिनिटांत धूळ बसण्यापलीकडे जातो, चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो, आणि पॉलिश केल्यावर जुन्या गाड्यांची ती खोल, किंचित मऊ चकाकी फक्त त्यालाच येते. पण पेट्रोल त्याला सोसत नाही. चेतकचं पेट्रोल सीटखालून भरतात. पंपावर दोन थेंब सांडले की तिथे कायमचा चट्टा पडतो. उन्हातही तो लवकर उतरतो. प्रदर्शनापुरती गाडी असेल तर ठीक, रोज चालवायची असेल तर नको.

रोजच्या गाडीसाठी मूळचे साधे रंग हवे असतील, पांढरा, काळा, लाल, निळा, तर टूके पीयू सिंगल स्टेज घ्या. यात चकाकी रंगातच असते, वर क्लिअर लागत नाही. घरी काम करणाऱ्याला हाच सगळ्यात सोपा आणि क्षमाशील पर्याय. दोन ते तीन हातांत काम होतं, ओघळ आला तर नंतर घासून पॉलिश करता येतो, आणि जुन्या चेतकला तो शोभतोही. सगळे ‘बेस-क्लिअर कर’ म्हणून मागे लागतात. साध्या रंगाला त्याची गरज नाही.

मेटॅलिक किंवा पर्ल रंग हवा असेल तर बेसकोट आणि क्लिअर यांना पर्याय नाही. बेसकोटला स्वतःची ताकद नसते, तो फक्त छटा देतो. थिनर बरंच लागतं, अनेक मालांत रंगाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत. पातळ दोन-तीन हात, प्रत्येक हात मंद होईपर्यंत थांबून. मेटॅलिकमध्ये हाताची चाल छटा बदलते. फार ओला मारला तर चमकीचे कण खाली बसून रंग गडद दिसतो, कोरडा मारला तर फिकट. म्हणून सगळी पॅनलं एकाच दिवशी, एकाच दाबाने, गाडीवर जशी बसतात तशाच उभ्या-आडव्या स्थितीत टांगून मारा. शेवटचा हात गन थोडी लांब धरून हलका द्यावा, म्हणजे ढगाळ पट्टे मोडतात.

छटा जुळवायला दुकानात नमुना न्यायचा तो आतला, साइड पॅनलच्या मागचा. उन्हाने उतरलेल्या लेगशील्डवरून जुळवलेला रंग नव्या गाडीवर जुनाटच दिसतो. लागणारा सगळा रंग एकाच वेळी मिसळून घ्या. कमी पडला म्हणून आठवड्याने आणलेला पाव लिटर हमखास वेगळा निघतो.

स्प्रे कॅनचं काय? साध्या वनके, म्हणजे हार्डनर नसलेल्या, ॲक्रिलिक कॅनचा रंग पेट्रोलने विरघळतो, त्यामुळे टाकी किंवा सीटच्या आसपास तो निरुपयोगी. टूके क्लिअरचे कॅन मिळतात, समुराई आणि स्प्रेमॅक्सचे परिचित आहेत. बुडाशी बटण दाबून आतला हार्डनर सोडायचा, नीट हलवायचं आणि छापलेल्या मुदतीत कॅन संपवायचा. हेल्मेट, मडगार्ड, एखादं पॅनल यांना हे छान. पूर्ण स्कूटरला कॅन इतके लागतात की गन भाड्याने आणलेली परवडते. आणि कॅनमधलं आयसोसायनेट काही वेगळं नसतं; मास्कचे नियम तेच.

क्लिअर

क्लिअरच्या डब्यावर एमएस (मीडियम सॉलिड) किंवा एचएस (हाय सॉलिड) लिहिलेलं असतं. एचएसमध्ये घन भाग जास्त, त्यामुळे दोन हातांतच ५० ते ६० मायक्रॉनचा थर मिळतो. एमएसला तेवढ्यासाठी तीन हात लागू शकतात, पण तो पातळ असल्याने नवख्या हाताला सांभाळायला सोपा. पहिल्यांदाच करत असाल तर एमएस घ्या. मिश्रण सहसा दोनास एक, काहींचं चारास एक. अंदाजपंचे ओतू नका. उभ्या बाजूच्या, खुणा असलेल्या मापपात्रात मोजा. हार्डनर कमी पडला तर क्लिअर मऊ राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होऊन तडकतो. कंपनीचा हार्डनर महाग वाटतो म्हणून दुसऱ्याच क्लिअरचा स्वस्त हार्डनर घालणं ही या कामातली सगळ्यात महाग बचत.

हार्डनर फास्ट, नॉर्मल, स्लो अशा गतींत येतो आणि निवड कॅलेंडर बघून करायची. विदर्भात एप्रिलमध्ये, ३५ अंशांच्या वर, स्लो हार्डनर आणि स्लो थिनर हवं. फास्ट घेतलं तर थेंब पत्र्यावर पसरण्याआधीच आवळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. वरची कातडी आधी वाळून खालचं थिनर अडकलं की टाचणीच्या टोकाएवढे फोडही येतात. डिसेंबर-जानेवारीत नॉर्मल पुरतं.

बेसवर क्लिअर केव्हा मारायचा हे मास्किंग टेपवर बघायचं. गाडीच्या कडेला लावलेल्या टेपवर पडलेल्या रंगाला हातमोजा घातलेलं बोट लावा. बोट उचलताना तार सुटली तर थांबा. बोटाला काही न लागता पृष्ठभाग सारखा मंद दिसला की सुरू करा. साधारण १५ ते ३० मिनिटं जातात. फार उशीरही नको. बेसला २४ तास उलटले तर बहुतेक मालांत हलकं घासून पुन्हा बेसचा हात द्यावा लागतो, नाहीतर क्लिअर पापुद्र्यासारखा सुटतो.

पहिला हात मध्यम ओला, मग १० मिनिटं थांबून दुसरा पूर्ण ओला. ओलेपणा डोळ्यांनी पाहायचा असतो. कडेने ट्यूबलाइट लावून तिचं प्रतिबिंब पॅनलवर बघत राहा. गनच्या मागोमाग ते प्रतिबिंब खडबडीतून सरळ रेषेत येतं, तो योग्य वेग. प्रतिबिंब खडबडीतच राहिलं तर हात फार वेगाने चाललाय, खालच्या कडेला जाड रेघ जमू लागली तर फार हळू. लेगशील्डच्या दुमडलेल्या कडेपाशी ओघळ हमखास येतो, तिथे कडा आधी हलक्या मारून मग सपाट भाग घ्यावा.

मॅट क्लिअर दिसायला देखणा, पण त्याला पॉलिश करता येत नाही. धूळ बसली किंवा ओघळ आला तर पूर्ण पॅनल पुन्हा. पहिल्या कामाला तो टाळावा.

किती माल, कोणती गन

पूर्ण सुट्या केलेल्या चेतकला आत-बाहेर मिळून एक लिटर इपॉक्सी, एक लिटर टूके सर्फेसर आणि एक लिटर सिंगल स्टेज रंग, तिन्ही त्यांच्या हार्डनरसह, सहसा पुरतात आणि थोडे उरतात. बेस-क्लिअर असेल तर पाऊण ते एक लिटर बेस आणि एक लिटर क्लिअर. गनमधून निघालेला बराच माल हवेतच जातो, म्हणून क्षेत्रफळाच्या नुसत्या गणितावर विसंबू नका. थिनर पाच लिटर आणा. त्यातलं बरंचसं गन धुण्यात जातं.

सर्फेसरला १.६ ते १.८ मिलिमीटरचा नोझल, रंग आणि क्लिअरला १.३ किंवा १.४. पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. क्लिअरचा दाटपणा फोर्ड कप बी-४ मध्ये, म्हणजे तळाला भोक असलेल्या मापाच्या कपातून गळून जायला, साधारण १८ ते २० सेकंद. कॉम्प्रेसर दोन हॉर्सपॉवरचा, ५० लिटरच्या वर टाकीचा असला तर सोयीचं. छोट्यावर एकेक पॅनल, दाब भरू देत, करता येतं. ऑनलाइन मिळणाऱ्या हातातल्या इलेक्ट्रिक गनने प्रायमर जमतो, क्लिअर नाही.

हवेच्या नळीवर पाण्याचा सापळा लावाच आणि काम सुरू करण्याआधी टाकीच्या तळाचा नळ सोडून पाणी काढा. जुलै-ऑगस्टमध्ये टाकीत इतकं पाणी साठतं की सापळाही हार मानतो. त्या दिवसांत एनसी पांढरट पडतो, क्लिअर दुधाळ होतो. घरच्या कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि दिवसातली वेळ दव उडाल्यानंतरची. पत्रा हाताला गार आणि ओलसर लागत असेल तर थांबायचं.

रंगाआधी सर्फेसर ६०० ने, मेटॅलिकसाठी ८०० ने, लाकडी किंवा रबरी गुटक्यावर पेपर धरून घासा. त्याआधी त्यावर काळ्या स्प्रे कॅनचा हलका फवारा मारा. घासून झाल्यावर काळं उरलं ती जागा खोलगट. पाणी लावून घासलं असेल तर तासभर उन्हात वाळवा. नंतर दोन फडकी घ्या: एक सिलिकॉन रिमूव्हरने ओलं, दुसरं कोरडं, ओलं वाळायच्या आत पुसायला. डॅशबोर्ड पॉलिश, चेनचा स्प्रे, खोबरेल लावलेल्या केसांवरून फिरलेला हात, यांतला एक ठिपका पुरतो. तिथे रंग गोल खड्डा करून बाजूला सरतो. असे खड्डे दिसले तर वरून जाड थर ओतून ते भरत नाहीत. वाळू द्या, घासा, पुसा, पुन्हा मारा.

मारून झाल्यावर

जोडणी किमान २४ तासांनी, घाई नसेल तर दोन दिवसांनी. बोल्टखाली वॉशर घाला, कच्च्या रंगावर बोल्ट आवळला की रंग गोल फाटतो. पेट्रोल आठवडाभर लागू देऊ नका. धुळीचे कण आणि हलके ओघळ १५०० आणि मग २००० च्या पेपरने, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, घासून कंपाउंडने पॉलिश करता येतात. कडांवर पेपर नेऊ नका. तिथे थर मुळातच पातळ असतो आणि दोन घासांत बेस उघडा पडतो. मेण महिनाभर थांबून.

उरलेला हार्डनर झाकण घट्ट लावून, गार जागी, उलटा न करता ठेवा. हवेतल्या दमटपणाने तो बिघडतो. पुढच्या वेळी डबा उघडल्यावर तो गढूळ दिसला किंवा कडेला पांढरे खडे धरले असतील तर वापरू नका, नवा आणा. मिसळलेला उरलेला माल डब्यातच घट्ट होऊ द्या आणि थिनर गटारात ओतू नका. बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं थिनर पुढच्या खेपेला गन धुवायला चालतं.